अडकित्त्यातली सुपारी

नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात आजीचा पितळी पानाचा डबा माजघरातल्या कोनाड्यात असायचा. दुपारची जेवणं आटोपली की भिंतीला टेकून ती अडकित्ता हातात घ्यायची आणि सुपारी कातरण्याचा कटकट आवाज सुरू व्हायचा. सकाळचा कार्यक्रम वेगळा. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, फडक्यातून गाळायची आणि ती मशेरी बोटाने दातांवर, हिरड्यांवर फिरवत अर्धा तास बसायचं. भाजण्याचा धूर घशात गेला की आम्ही पोरं खोकत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पळायचो. तिथे कडुनिंबाच्या काड्यांचे जुडगे विकायला असत, आणि घरातली पुरुषमंडळी बिटकोच्या काळ्या मंजनावर खूश. मशेरी हे व्यसन आहे हे आजी हसत कबूल करायची. सुपारीचा विषय निघाला की मात्र भडकायची. "सुपारीला कुणी व्यसन म्हणतं का रे?"

तिचं काय चुकलं? पाटावर तांदळाच्या राशीवर सुपारी ठेवली की तोच गणपती होतो. लग्न ठरलं की सुपारी फुटते. काळाराम मंदिराच्या आसपासच्या दुकानांत पूजेच्या पुड्यात हळदकुंकवाशेजारी ती असतेच. अशा वस्तूवर संशय कोण घेणार? शास्त्रालाही तो घ्यायला वेळ लागला. १९५२ ते २००४, अशी बावन्न वर्षं. आणि त्यातलं बरंचसं काम मुंबईत आणि महाराष्ट्राच्या खेड्यांत झालं, ही गोष्ट आपण जवळजवळ विसरलो आहोत.

तोंडाचे रोग आपल्याकडे नवे नव्हते. सुश्रुताने पासष्ट मुखरोग मोजले. त्यांत हिरड्यांचेच पंधरा. आधुनिक वैद्यकातली ही कथा मात्र सुरू होते आफ्रिकेत. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातला एक विचित्र बदल नोंदवला आणि त्याला लांबलचक लॅटिन नाव दिलं. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानींत तोच प्रकार पाहून त्याचं वर्णन केलं. 'सबम्युकस फायब्रोसिस' हे आज दंतवैद्यांच्या तोंडी असलेलं नाव तिथून रुळलं. रोगाची चाल साधी आणि क्रूर आहे. आधी तिखट लागलं की तोंडाची आग होते. मग गालाची आतली बाजू पांढुरकी पडते, ताठरते, बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात. शेवटी तोंड उघडेनासं होतं. घास आत जायला वाट उरत नाही.

आता पहिला संशय कुणावर आला असेल? मिरचीवर! रुग्णाची पहिली तक्रारच तिखटाची, तेव्हा हे ओघानेच आलं. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात, आहारात मुद्दाम उणीव ठेवलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतलं तिखट द्रव्य लावून पाहिलं. तो निबंध १९६० चा. उंदरांच्या टाळूत बदल दिसलेही. या प्रयोगाला आज कुणी हसू नये. चुकीच्या दारावर का होईना, त्यांनी नीट थाप मारून पाहिली होती. अडचण एवढीच की मिरची अख्खा देश खातो आणि हा रोग मोजक्यांनाच गाठतो. मधल्या काळात, १९५६ मध्ये, टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉ. पेमास्टर यांनी अशा ताठरलेल्या तोंडांत कर्करोग उगवताना पाहिला होता, त्यामुळे प्रश्नाचं वजन वाढलं होतं.

पुढचं उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नव्हतं. ते ओसरीवर मिळालं. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हटली की आपल्याला होमी भाभा आणि अणू आठवतो. पण त्याच संस्थेत दंतसंशोधनाचा एक छोटा विभाग होता. तिथले डॉ. फली मेहता, डेन्मार्कचे विकृतिशास्त्रज्ञ पिंडबोर्ग आणि गणिती संख्याशास्त्राकडून आलेले प्रकाश गुप्ता ही मंडळी १९६६ पासून खेड्यांकडे निघाली. गुजरात, केरळ, आंध्र आणि बिहारमधल्या ५०,९१५ गावकऱ्यांची तोंडं तपासून झाली; तो अहवाल १९६९ मध्ये आला. मग महाराष्ट्र. इथे आकडा १,०१,७६१. शोधनिबंध १९७२ चा.

या आकड्यापाशी मी नेहमी थांबतो. एक लाख माणसांना, एकेकाच्या घरी जाऊन, 'आ करा' म्हणायचं. दुखत नसताना तोंड कशाला उघडायचं हा सवाल आपल्याकडे आजही आहे, तेव्हा तर असणारच. पदर तोंडाशी धरलेल्या बाईला परक्या माणसासमोर आ करायला लावणं हे काही आरसा आणि उजेड यांनी होत नाही. काय चघळता, कधीपासून, दिवसातून किती वेळा, गालात कुठे धरता, हे सगळं विचारून लिहायचं. या कामाला नोबेल मिळत नाही. पण आपल्या तोंडांबद्दल जगाला जे ठाऊक आहे, त्यातलं पुष्कळ या वह्यांतून आलं.

वह्या बंद झाल्या नाहीत, हे विशेष. त्याच त्याच माणसांकडे वर्षानुवर्षं पुन्हा जाणं सुरू राहिलं. केरळातल्या एर्नाकुलमच्या, ताठरलेल्या तोंडाच्या ६६ रुग्णांवर सतरा वर्षं नजर ठेवल्यावर १९८५ मध्ये कळलं की त्यांच्यातल्या ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला. दुसरीकडे छत्तीस हजारांवर तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना समजावून, पुन्हा पुन्हा भेटून, सवय सुटते का आणि तोंड सुधारतं का हेही पाहिलं गेलं. त्याचे पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. १९९० मध्ये भावनगरच्या रुग्णांची निरोग्यांशी तुलना झाली आणि बोट सरळ सुपारीकडे वळलं. कारणही उलगडत गेलं: सुपारीतलं अरेकोलीन गालातल्या पेशींना तंतू विणायला लावतं, तिच्यातलं टॅनिन आणि तांबं ते तंतू घट्ट करतात, आणि झिजून जायला हवेत ते तंतू साचत जातात. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या ग्रंथात सुपारी, तंबाखू नसतानाही, माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात जाऊन बसली.

गंमत बघा. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर घातलेली बंदी त्याच २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुन्हा बंदी यायला २०१२ उजाडलं. तोवर पानाचा डबा जाऊन पुडी आली होती. आजीला अडकित्त्याचे कष्ट तरी होते. पुडी दातांनी फाडली की झालं. राष्ट्रीय पाहण्यांत राज्यातल्या प्रौढांचं तंबाखूसेवन २००९-१० मधल्या ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २६.६ वर आलं, ही चांगली बातमी. नुसत्या सुपारीकडे मात्र अजून फारसं कुणी डोळे वटारत नाही.

नाक कापलं म्हणून नाव पडलं म्हणतात त्या नाशकात तोंडाचं शास्त्र उशिरा पोचलं, पण दमदार पोचलं. आग्रा रस्त्यालगत पंचवटीत भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचं दंत महाविद्यालय आहे, आणि म्हसरूळच्या बाजूला १९९८ मध्ये स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. राज्यभरातले दंतवैद्यकाचे बरेच प्रबंध त्याच्याच कारभारात येतात. ताठरलेल्या तोंडावरच्या उपचारांत इंजेक्शनं, जबड्याचे व्यायाम यांच्या जोडीला टोमॅटोला लाल करणारं लायकोपीनही वापरून पाहिलं गेलं आहे. पिंपळगावच्या बाजारात भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओततात, तेव्हा मला हे हटकून आठवतं. पण गेलेली लवचीकता पूर्ण परत आणणारं औषध अजून हाती नाही.

मागच्या वर्षी गल्लीतल्या एका पोराबरोबर दंत ओपीडीत गेलो होतो. वय तेवीस, मिसळ खाता येत नाही ही तक्रार. केसपेपर निघाला. तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या, "आ करा." त्याने केला. "अजून." एवढाच होतो म्हणाला. त्यांनी त्याचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. दोन कशीबशी गेली. मग वरच्या-खालच्या दातांमध्ये पट्टी धरून त्यांनी मिलिमीटर लिहिले.

"तंबाखू? गुटखा?"

"नाही मॅडम, देवाशपथ. काहीच व्यसन नाही. नुसती सुपारी."

डॉक्टरबाईंनी मान वर केली नाही. "रोज किती पुड्या?"

तो मनात मोजत राहिला. "सात... आठ."

व्यसनाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: सुपारी, आठ पुड्या, सहा वर्षं.