घरातून व्यवसाय सुरू करताय? ओव्हनच्या आधी सब-डीबी आणि अर्थिंग बघा!



मागच्या व्हिडिओत आपण घरगुती बेकरीच्या मशीनचं बजेट काढलं. एक खर्च सगळेच विसरतात. मीही विसरलो होतो. तो म्हणजे वायरिंगचा.

माझ्या दुकानाची सुरुवात घरच्या स्वयंपाकघरातून झाली. एक दिवस ओव्हन अचानक बंद पडला. काय झालं बघायला आईने हँडलला हात लावला आणि ती मागे फेकली गेली. पायात रबरी चप्पल होती म्हणून वाचली. सॉकेट उघडलं तेव्हा कळलं, अर्थिंगची वायर ओढायचा खर्च वाचवायला वायरिंग करणाऱ्याने अर्थच्या पिनला न्यूट्रलच जोडला होता. बोर्डात न्यूट्रलचा स्क्रू सैल झाला. ओव्हन थांबला, पण करंट कॉइलमधून फिरून थेट बॉडीत आला!

म्हणून मशीनसाठी वेगळा सब-डीबी करा. म्हणजे मेन डीबीतून स्वतंत्र केबल ओढून बसवलेला छोटा डीबी. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं. पण काय करून घ्यायचं, हे तुम्हाला कळलं पाहिजे.

१. आधी लोड काढा. ओव्हन 3000 वॅट, मिक्सर 500, डीप फ्रीजर 300. एकूण 3800. भागिले 230 व्होल्ट, म्हणजे साधारण 16.5 अँपिअर. एवढ्यासाठी 6 स्क्वेअर एमएम तांब्याची केबल आणि मेन डीबीत तिच्यासाठी 25 अँपिअरचा एमसीबी ठीक राहतो. अंतर जास्त असेल तर ठेकेदाराला पुन्हा हिशोब करायला सांगा. ओव्हनची लाइन स्वतंत्र ठेवा. आणि वीजबिलावरचा ‘मंजूर भार’ बघा. सब-डीबी लावला म्हणून तो वाढत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. घरातल्या व्यवसायाला कुठला दर लागेल, तेही त्याच वेळी वीज कंपनीच्या कार्यालयात विचारून घ्या.

२. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. समजा अर्थिंगचा रोध 10 ओहम आहे. बॉडीत करंट आला तर 230 भागिले 10, म्हणजे 23 अँपिअर वाहतील. 25 चा एमसीबी पडणारच नाही! म्हणून सब-डीबीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. जितका करंट गेला तितका परत आला नाही, तर तो क्षणात लाइन तोडतो.

३. सब-डीबीत न्यूट्रल आणि अर्थ कधीच एकत्र नको. दोघांच्या पट्ट्या वेगळ्या. अर्थची पट्टी डीबीच्या धातूच्या बॉडीला जोडलेली, न्यूट्रलची पट्टी बॉडीपासून अलग. आरसीसीबीच्या पुढे हे दोन कुठेही जुळले, तर परतीचा थोडा करंट अर्थमधून जातो आणि आरसीसीबी सारखा पडतो. मग कोणीतरी म्हणतं, “साहेब, हा खराब आहे, बायपास करू.” अजिबात ऐकू नका. दोष वायरिंगमध्ये आहे, तो शोधायला लावा.

४. अर्थिंग घराच्या मुख्य अर्थिंगपासूनच आणा. केबलसोबत हिरवी वायर मेन डीबीच्या अर्थच्या पट्टीपासून सब-डीबीपर्यंत आली पाहिजे. नळाच्या पाइपला जोडून काम उरकू देऊ नका. घराला मुळात अर्थिंगच नसेल, तर आधी इलेक्ट्रोड बसवून घ्या. काम झालं की रोध मीटरने मोजायला सांगा आणि आकडा लिहून घ्या.

५. पैसे देण्याआधी तपासा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. लाइन गेली पाहिजे. पुढेही महिन्यातून एकदा दाबत जा. ठेकेदाराकडून टेस्ट रिपोर्ट घ्या आणि बिलासोबत फाइलला लावा.

मित्रांनो, हा खर्च मशीनच्या बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा, उरलेल्या पैशातून करायचा म्हणून ठेवू नका. आपल्या घरगुती धंद्यात पहिला कामगार आपल्याच घरातला असतो.

तुमची मशीन कुठली आणि किती वॅटची, ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्याच एकाचा हिशोब करून दाखवतो. भेटूया!