नॉटपेड पत्रांचे नवे युग

ज्या पत्रावर पुरेशी तिकिटे चिकटवलेली नसत त्याला आपल्याकडे 'नॉटपेड' म्हणत. पोस्टमन ते दारात घेऊन येई आणि तुटीच्या दुप्पट पैसे पत्र घेणाऱ्याकडून वसूल करी. माझ्या लहानपणी घरी असे पत्र आले की वडीलमंडळी प्रथम पत्रलेखकाच्या नावाने चार शब्द बोलत आणि मग कपाटातून सुटे पैसे काढीत. लिहिणाऱ्याने केलेल्या काटकसरीचा भुर्दंड वाचणाऱ्याने सोसावा, यातील अन्याय समजावून सांगण्यासाठी कोणाला अर्थशास्त्राचा अभ्यास करावा लागत नसे.

ही आठवण आज होण्याचे कारण असे की, ई-मेलवर चालणाऱ्या चर्चागटांतून आपण सुशिक्षित माणसे दररोज एकमेकांना शेकडो नॉटपेड पत्रे धाडीत आहोत आणि आपण काही वावगे करीत आहोत याची आपल्याला जाणीवही नाही. शिक्षकांचे गट, कर्मचारी संघटनांचे गट, माजी विद्यार्थ्यांचे गट, परदेशस्थ मराठी मंडळींचे गट. सर्वत्र चित्र एकच. चार ओळींचे उत्तर आणि त्याखाली आधीच्या साऱ्या पत्रव्यवहाराची लांबलचक शेपटी. त्या शेपटीत प्रत्येकाची पदव्यांसह सही, दूरध्वनी क्रमांक, एखादे सुभाषित, 'हा संदेश गोपनीय आहे' अशी कायदेशीर ताकीद आणि 'कागद वाचवा' हा उपदेश! चारशे लोकांना पाठविलेल्या पत्रावर गोपनीयतेची ताकीद घालणे म्हणजे चौकात ध्वनिक्षेपक लावून कानगोष्टी करण्यासारखेच आहे.

भुर्दंड कोणाचा?

टपालाच्या इतिहासातील एक घटना येथे मार्गदर्शक ठरेल. इंग्लंडमध्ये १८४० पूर्वी पत्राचे शुल्क बहुधा ते घेणारा भरीत असे, आणि त्याची आकारणी अंतर व कागदांची संख्या यांवरून होई. रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये सुधारणेची योजना मांडली आणि १८४० पासून एक पेनीचे सरसकट, पाठविणाऱ्याने आगाऊ भरावयाचे शुल्क सुरू झाले. हिंदुस्थानातही १८५४ मध्ये पाव तोळा वजनाच्या पत्रास, अंतर कितीही असो, अर्धा आणा असा एकच दर ठरला. या सुधारणेने टपाल स्वस्त झाले हे सर्वश्रुत आहे. परंतु तिचे दुसरे मर्म असे की, पत्राचा खर्च ज्याच्या मर्जीने पत्र जन्माला येते त्याच्याच खिशातून जाऊ लागला. खर्च आणि निर्णय एका हाती आले. तारेत तर प्रत्येक शब्दाला पैसे पडत. त्यामुळे जुलै २०१३ मध्ये बंद होईपर्यंत तारखात्याने आपल्याला संक्षेपाचे जे शिक्षण दिले ते कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकाने दिले नाही.

ई-मेलने हे चक्र उलटे फिरविले. येथे पाठविणाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे. खर्च आहे तो वाचणाऱ्याचा, आणि तो पैशांत नसून लक्षात व वेळेत आहे. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक १९७८ मध्ये मिळविणारे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच हे सूत्र मांडले होते की, जेथे माहिती विपुल होते तेथे ती ज्याचा उपभोग घेते ते, म्हणजे माणसाचे अवधान, दुर्मिळ होते. योगायोग असा की, अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला टपालसंदेश धाडला तेही वर्ष १९७१ हेच.

थोडे अंकगणित करून पाहू. एका चर्चेत वीस पत्रे आली आणि प्रत्येकात पाच ओळी नव्या होत्या असे मानू. नवा मजकूर शंभर ओळींचा झाला. परंतु प्रत्येकाने आधीचे सर्व जसेच्या तसे खाली ठेवले, तर पहिले पत्र पाच ओळींचे, दुसरे दहा ओळींचे आणि विसावे शंभर ओळींचे होते; बेरीज १०५० भरते. म्हणजे ९५० ओळी केवळ पुनरुक्तीच्या. आता गटात चारशे सदस्य आहेत आणि एका पत्रातील असा पसारा ओलांडून जाण्यास प्रत्येकाला पंधरा सेकंद लागतात असे धरले, तर एका पत्रापायी सहा हजार सेकंद, म्हणजे शंभर मिनिटे खर्ची पडतात. पत्रलेखकाने तो पसारा छाटला असता तर त्याला अर्धे मिनिट लागले असते. अर्ध्या मिनिटाच्या बचतीसाठी समाजाची शंभर मिनिटे! अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात. साध्या मराठीत याला दुसऱ्याच्या जिवावर उदार होणे म्हणतात.

एक हरवलेला प्रश्न

हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न असता तर त्यासाठी वृत्तपत्राची जागा अडविण्याचे धाडस प्रस्तुत लेखकाने केले नसते. आमच्या विषयाच्या अध्यापकांचा असाच एक गट आहे. काही काळापूर्वी गटातील एका सहकाऱ्यांना डॉक्टरेट मिळाली. अभिनंदनाची सुमारे चाळीस पत्रे आली, तीही एकट्या त्यांना नव्हे तर सर्वांना, आणि प्रत्येकाखाली आधीची सर्व अभिनंदने. त्यांत एक पत्र माझेही होते.

याच दिवसांत एका तालुक्याच्या गावच्या अध्यापिकाबाईंनी एक शंका विचारली. अभ्यासक्रम बदलल्यानंतर पुनर्परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रश्नपत्रिका जुन्या अभ्यासक्रमाची असणार की नव्या, एवढाच प्रश्न. परंतु त्यांनी नवे पत्र न लिहिता हाती आलेल्या शेवटच्या पत्राला उत्तर म्हणून तो पाठविला. त्यामुळे विषयाच्या जागी 'हार्दिक अभिनंदन' हेच शब्द राहिले आणि शंकेच्या तीन ओळींखाली अभिनंदनांची ती चाळीस पत्रे लोंबत राहिली. मी ते पत्र न उघडताच काढून टाकले. इतरांनीही तेच केले असावे, कारण उत्तर कोणीच दिले नाही. मौन म्हणजे संमती असे समजून बाईंनी जुन्याच अभ्यासक्रमाची तयारी करून घेतली. प्रश्नपत्रिका नव्याची निघाली. सहा विद्यार्थ्यांना पुढील सत्राची वाट पाहावी लागली. त्यांतील एका मुलीची ठरलेली नोकरी पदवीअभावी हातची गेली.

बाईंनी दूरध्वनी करावयास हवा होता, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. परंतु मला त्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते. तो माझ्यापर्यंत येऊन पोहोचलाही होता. आम्ही चाळीस जणांनी मिळून रचलेल्या ढिगाऱ्याखाली तो गाडला गेला एवढेच.

मोठ्या प्रमाणावर हीच गोष्ट कशी घडते याचे उदाहरण ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने नोव्हेंबर २०१६ मध्ये पाहिले. एक चाचणी संदेश चुकून आठ लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांना गेला. मूळ चूक एकच होती; परंतु 'हा संदेश मला का आला?', 'माझे नाव यादीतून काढा', 'कृपया सर्वांना उत्तरे पाठवू नका' अशी उत्तरे अनेकांनी सर्वांनाच पाठविली आणि रुग्णसेवेची टपालव्यवस्था काही तास मंदावली. सर्वांना उत्तर न पाठविण्याची विनंतीही सर्वांना पाठविली जाते, यातील विनोद त्या दिवशी तेथील डॉक्टरांना फारसा रुचला नसेल.

जुनेच शहाणपण

या बाबतीत नियमांचा अभाव आहे असे मुळीच नाही. इंटरनेटवरील शिष्टाचाराचे एक टिपण ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅली हॅम्ब्रिज यांनी तयार केले. उत्तर देताना मूळ पत्राचा संदर्भापुरताच अंश ठेवावा, सही चार ओळींहून मोठी नसावी, विषय नेमका लिहावा, अशा साध्या सूचना त्यात आहेत. सहीच्या मर्यादेचे कारणही तेथे दिले आहे: कित्येकांना जोडणीचे पैसे मिनिटावर मोजावे लागत. आज मिनिटाचे पैसे पडत नाहीत म्हणून नियम विस्मृतीत गेला; परंतु मिनिट मात्र अजून साठ सेकंदांचेच आहे.

आपल्या परंपरेलाही हा विवेक अपरिचित नाही. संस्कृत भाष्यकार प्रत्येक वेळी संपूर्ण श्लोक उतरवून घेत नसत. ज्या पदावर भाष्य करावयाचे त्याचे आरंभीचे एक-दोन शब्द ते देत. त्यांना 'प्रतीक' अशी संज्ञा आहे. प्रतीक, आणि लगेच त्यावरील भाष्य. कोणत्या मुद्द्याला कोणते उत्तर, याविषयी वाचकाच्या मनात संदेह उरत नसे. कचेरीतील कोणताही अनुभवी कारकूनही हेच करतो. 'आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक' एवढा संदर्भ तो देतो. आलेले पत्र पुन्हा उतरवून परत पाठवीत नाही.

दोन आक्षेप

यावर एक आक्षेप असा घेतला जाईल की, आता संगणकाची साठवण स्वस्त आहे आणि जुना मजकूर घडी घालून लपविण्याची सोयही कित्येक ठिकाणी आहे. मग छाटण्याचा खटाटोप कशासाठी? परंतु ही सोय सर्वांच्या वाट्याला येत नाही. दिवसभराची पत्रे एकत्रित संकलनाच्या रूपाने घेणाऱ्या सदस्याला सारी पुनरुक्ती सलग वाचावी लागते. दृष्टिहीन सदस्य यंत्राकडून मजकूर वाचवून घेतात. त्यांना कोणती ओळ नवी आणि कोणती जुनी हे ऐकूनच शोधावे लागते. वर्षभराने जुन्या पत्रांत एखादा उल्लेख धुंडाळू गेल्यास तोच शब्द पन्नास ठिकाणी सापडतो. साठवण स्वस्त झाली म्हणून अवधान स्वस्त झाले असे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. आभार आणि अभिनंदन हा सौजन्याचा भाग आहे. त्यावर कात्री चालविणे रुक्षपणाचे नाही काय? वस्तुत: सौजन्य आणि लांबण यांचा काही संबंध नाही. 'स. न. वि. वि.' या चार अक्षरांत आपल्या पूर्वजांनी प्रेम, नमस्कार आणि विनंती असा सारा उपचार बसविला होता. ज्याचे अभिनंदन करावयाचे त्याला ते एकट्याला पाठवावे. ते त्याच्या अधिक जवळ पोहोचते. चारशे जणांच्या साक्षीने केलेल्या अभिनंदनात अभिनंदन किती आणि आपली उपस्थिती नोंदविणे किती, हे ज्याचे त्याने तपासावे.

सामाईक कुरण

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक कुरणाची शोकांतिका वर्णिली. प्रत्येक जण आपले एक जनावर अधिक सोडतो आणि कुरण सर्वांचेच उजाड होते. त्यानंतर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी, ज्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, जगभरची जंगले, कालवे आणि मासेमारीची क्षेत्रे अभ्यासून दाखवून दिले की, ही शोकांतिका अटळ नाही. जेथे लोकांनी आपले नियम आपण ठरविले, ते पाळले जातात की नाही यावर आपसांत लक्ष ठेवले आणि चुकणाऱ्याला प्रथम सौम्य समज दिली, तेथे कुरणे पिढ्यान्पिढ्या टिकली.

चर्चागट हेही एक कुरणच आहे आणि त्यातील गवत म्हणजे सदस्यांचे अवधान. यास्तव प्रत्येक गटाने आपले चार-पाच नियम ठरवून नव्या सदस्याच्या हाती द्यावेत. नवा विषय असेल तर नवे पत्र लिहावे. मूळ मजकुरातील आवश्यक तेवढेच ठेवून त्याखाली आपले उत्तर द्यावे. एकट्यासाठी असलेले पत्र एकट्यालाच पाठवावे. सही नाव आणि गाव यांपुरती ठेवावी. चुकणाऱ्याला समज द्यायची ती खासगीत द्यावी, नाही तर समज हाच एक नवा पसारा होतो. आमच्या गटाने आता असे नियम केले आहेत. ते रोज पाळले जातात असे नाही. परंतु त्या बाईंचे पत्र आज आले तर ते उघडले जाईल एवढी आशा बाळगता येते.

जुन्या मराठी पत्रांचा शेवट 'बहुत काय लिहिणे' या शब्दांनी होई. वाचणारा सुज्ञ आहे, त्याच्यापाशी याहून अधिक विस्ताराचे कारण नाही, असा विश्वास त्या तीन शब्दांत होता. पाठविण्याची कळ दाबण्यापूर्वी त्यांचे स्मरण केले तरी पुष्कळ काम होईल.