ब्रेल लिप्यंतर आणि ओळींची शिस्त

यवतमाळ जिल्ह्यात विधानसभेचे ७ मतदारसंघ आहेत. मतदानाच्या दिवशी अंध मतदारांसाठी केंद्रावर ब्रेल लिपीतील नमुना मतपत्रिका ठेवण्याची तरतूद आहे. उमेदवाराचा अनुक्रमांक व नाव बोटांनी वाचून, मतदान यंत्रावरील बटणाशेजारच्या ब्रेल अंकाच्या आधारे मतदार आपले मत स्वतः नोंदवू शकतो. अशा पत्रिकेत अनुक्रमांक एका ओळीच्या शेवटी राहिला व नाव पुढील ओळीवर गेले, तर तो अंक कोणत्या उमेदवाराचा, असा संभ्रम निर्माण होतो. ओळ कोठे तोडावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ मांडणीचा नाही.

लुई ब्रेल यांनी १८२९ साली ही लिपी प्रसिद्ध केली. सहा टिंबांच्या एका घरातून ६३ खुणा तयार होतात. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारण्यात आली. तीत काना, मात्रा, वेलांटी व अनुस्वार यांना स्वतंत्र घर लागते. ‘पांढरकवडा’ हे सहा अक्षरी नाव ब्रेलमध्ये ९ घरे व्यापते. मोठ्या ब्रेल कागदावरही एका ओळीत साधारणतः ४० घरेच मावतात. साहजिकच छापील ओळ जेथे संपते, तेथे ब्रेलची ओळ संपत नाही.

चूक कोठे होते?

टंकलेखन यंत्रावर प्रत्येक ओळीच्या शेवटी नवी ओळ हाताने घ्यावी लागे. त्याच सवयीने संगणकावरही ओळीगणिक ‘एंटर’ कळ दाबली जाते. ‘डक्सबरी’सारखी लिप्यंतर प्रणाली अशा प्रत्येक खुणेस नवा परिच्छेद समजते. परिणामी वाक्य मध्येच तुटते, अर्धी ओळ रिकामी राहते आणि वाचकाच्या बोटाला नसलेला परिच्छेद लागतो. डोळस वाचक संपूर्ण पान एका दृष्टिक्षेपात पाहून हा दोष सावरून घेतो. बोटाला मात्र एका वेळी एकच अक्षर कळते.

मजकुराचे दोन प्रकार

लेख, पत्रे, परिपत्रके हा वाहता मजकूर होय. त्यात परिच्छेद संपल्यावर एकदाच ‘एंटर’ दाबावे. मधल्या ओळी प्रणालीवर सोपवाव्यात. याउलट कविता, पत्ता, प्रश्नपत्रिकेतील पर्याय, नावांची यादी यांत ओळ हाच अर्थाचा भाग असतो. जिल्ह्यातील १६ तालुक्यांची यादी सलग झाल्यास ‘झरी-जामणी’ हा एक तालुका की दोन, हे नवख्या वाचकास उमगणार नाही. अशा ठिकाणी प्रत्येक ओळ राखावी. ओळ लांबल्यास उरलेला भाग तिसऱ्या घरापासून सुरू करण्याची पद्धत रूढ आहे. त्यामुळे ती नवी नोंद नव्हे, हे बोटाला तत्काळ समजते.

दुरुस्तीचा क्रम

ओळीगणिक तुटलेला जुना मजकूर हाती आल्यास प्रथम कविता व याद्या वेगळ्या काढाव्यात. उर्वरित मजकुरात जेथे लागोपाठ दोन परिच्छेदखुणा असतील, तेथे एखादे तात्पुरते चिन्ह घालावे. नंतर उरलेल्या एकेरी खुणांच्या जागी मोकळी जागा द्यावी आणि शेवटी तात्पुरत्या चिन्हाच्या जागी पुन्हा परिच्छेदखूण आणावी. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना घातलेल्या आडव्या रेघा काढून टाकाव्यात. मात्र नावातील मूळ रेघ राखावी. अंक व त्याचे परिमाण, अनुक्रमांक व नाव यांची फारकत होऊ देऊ नये.

कागदावर टिंबे उमटल्यावर दुरुस्ती कठीण असते. म्हणून पहिली प्रत ब्रेल जाणणाऱ्या अंध वाचकाकडून तपासून घ्यावी व मगच पुढील प्रती काढाव्यात.