कणांची वाट (लेखांक 7) : नळीच्या भिंतीवर कार्बनचा थर

गेल्या आठवड्यात आपण प्रवेगकाच्या नळीतली हवा कशी उपसतात ते पाहिलं. पण हवा गेली म्हणजे प्रोटॉनांची वाट मोकळी झाली, असं होत नाही. नळीला धातूची भिंत असते आणि त्या भिंतीतून इलेक्ट्रॉन सुटतात. प्रोटॉनांची संख्या वाढवायची म्हटली की हे इलेक्ट्रॉन आड येतात. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत 1977 साली ओस्वाल्ड ग्रोब्नर यांनी तिथल्या आयएसआर यंत्रातल्या अनुभवावरून या त्रासाचं वर्णन केलं, तेव्हा तो एका यंत्रापुरता वाटण्यासारखा होता. लार्ज हॅड्रॉन कोलायडर, म्हणजे एलएचसी, उभारायची वेळ आली तेव्हा तो मुख्य अडचणींपैकी एक होऊन बसला.

घडतं काय, ते जरा सावकाश पाहू. प्रोटॉन नळीतून सलग धारेने जात नाहीत, पुंजक्यांनी जातात. एलएचसीच्या मूळ आराखड्यात दोन पुंजक्यांमध्ये 25 नॅनोसेकंदांचं अंतर आहे आणि एका पुंजक्यात सुमारे 115 अब्ज प्रोटॉन. प्रोटॉन धन भाराचे, त्यामुळे पुंजका जवळून गेला की भिंतीलगतचा भटका इलेक्ट्रॉन आत खेचला जातो आणि वेग घेऊन समोरच्या भिंतीवर आदळतो. त्याला 200 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळाली, तर 5 सेंटिमीटरची नळी तो सुमारे 6 नॅनोसेकंदांत ओलांडतो. आदळल्यावर भिंतीतून एक, दोन, कधी अधिक दुय्यम इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. हे मंद असतात, काही मोजक्या इलेक्ट्रॉन व्होल्टचे. उरलेल्या 19 नॅनोसेकंदांत ते दोन-अडीच सेंटिमीटर सरकतात, म्हणजे पुढचा पुंजका येतो तेव्हा ते नळीच्या पोटातच असतात. झोका परत येताना नेमक्या क्षणी धक्का मिळाला की तो चढत जातो, तसंच इथे होतं. फरक इतकाच की इथे प्रत्येक फेरीला इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते. याला मल्टिपॅक्टिंग म्हणतात आणि त्यातून नळीत साचतो तो इलेक्ट्रॉनांचा ढग.

आकडा किती झपाट्याने वाढतो पाहा. सर्नच्या एसपीएस या सुमारे 7 किलोमीटर परिघाच्या यंत्रात प्रोटॉन 26 वरून 450 गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेऊन एलएचसीच्या हवाली करतात. तिथे 72 पुंजक्यांची एक रांग असते. एकेका पुंजक्यामागे इलेक्ट्रॉनांत निव्वळ 10 टक्के भर पडली, तरी रांग संपेपर्यंत ते हजारपटीच्या जवळ पोचतात. मग त्यांचा स्वतःचाच ऋण भार त्यांना आवरतो. पण तोवर नुकसान झालेलं असतं. भिंतीतून वायू सुटून निर्वात बिघडतं, पुंजके थरथरू लागतात, फुगतात. एलएचसीत आणखी एक संकट आहे. तिथले चुंबक 1.9 केल्विनला थंड ठेवलेले असतात आणि त्यांच्या आत 5 ते 20 केल्विनवर तांब्याचं अस्तर लावलेली संरक्षक नळी असते. इलेक्ट्रॉनांचा मारा या नळीला तापवतो आणि ती उष्णता काढून घेण्याची शीतयंत्रणेची ताकद ठरलेली आहे. 2012 साली हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याची घोषणा झाली, तेव्हाही ढग कमी राहावा म्हणून एलएचसी 50 नॅनोसेकंदांच्या अंतरावरच चालत होती. 25 वर ती नियमितपणे आली 2015 पासून.

सगळं एका आकड्यावर येऊन ठरतं : एक इलेक्ट्रॉन आदळला तर सरासरी किती बाहेर पडतात. हवेत राहिलेल्या तांब्यासाठी किंवा स्टीलसाठी हा आकडा 2 च्या आसपास असतो, कारण पृष्ठभागावर ऑक्साइड आणि पाण्याचे रेणू चिकटलेले असतात. तो 1 च्या खाली आणता आला, तर गुणाकाराचा भागाकार होतो आणि ढग जमतच नाही.

यावर जुना उपाय म्हणजे यंत्र मुद्दाम जोरात चालवून इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानेच भिंत घासून काढायची. त्याला स्क्रबिंग म्हणतात. माऱ्याने पृष्ठभागावरचे कार्बनयुक्त रेणू फुटतात आणि ग्राफाइटसारखा पातळ थर तयार होतो, हा यातला महत्त्वाचा भाग. म्हणजे हळूहळू, महागडा यंत्रकाळ खर्चून, यंत्र स्वतःच भिंतीवर कार्बन चढवत असतं. मग तो आधीच चढवून ठेवला तर? अनाकार कार्बनच्या लेपामागची कल्पना एवढी सरळ आहे, आणि मला ती फार सुंदर वाटते. ग्राफाइटसारख्या बंधांच्या कार्बनमध्ये आत सुटलेले दुय्यम इलेक्ट्रॉन आतल्या आतच ऊर्जा गमावतात, पृष्ठभागापर्यंत फार थोडे पोचतात.

लेप देण्याची रीत अशी : निर्वातात थोडा अर्गॉन सोडून त्याचा प्लाझ्मा करायचा, त्यातले आयन ग्राफाइटवर आदळवायचे आणि उडालेले कार्बनचे अणू भिंतीवर बसू द्यायचे. जाडी काही शे नॅनोमीटर पुरते. एसपीएसमध्ये हा लेप सोयीचा ठरण्याचं कारण म्हणजे तिथली नळी चुंबकांच्या पोटात घट्ट बसलेली आहे, तिला भाजून स्वच्छ करता येत नाही. कार्बनला भाजण्याची गरज नसते.

पण प्रयोगशाळेतला छोटा नमुना आणि सहा मीटरांहून लांब चुंबकातली नळी यांत अंतर आहे. टेबलावर इलेक्ट्रॉन बंदुकीने मोजल्यावर आकडा 1 च्या आसपास येतो. लांब नळीत मात्र लेप देताना भिंतीतूनच हायड्रोजन सुटतो, तो थरात मिसळतो आणि आकडा वर ढकलतो. म्हणून खरी कसोटी चालत्या यंत्रात घ्यावी लागली. 2008 च्या सुमारास एसपीएसच्या नळीत लेपित आणि साध्या स्टीलच्या पट्ट्या बसवून, त्यांच्यामागे लावलेल्या मापक उपकरणांनी इलेक्ट्रॉनांचा प्रवाह मोजला. स्टीलपाशी ढग स्पष्ट दिसला, कार्बनपाशी तो पूर्ण दबलेला होता. पट्टी तीन महिने हवेत राहिली, तरी निकाल तोच. वर्षभराहून अधिक चालवूनही लेप खराब झाला नाही.

पूर्ण चुंबकांवर लेप दिल्यावर निकाल वाचणं अवघड झालं. तिथे निर्वाताचा दाब मोजायचा, तर शेजारच्या लेप नसलेल्या चुंबकातून सुटलेला वायू वाहत येतो आणि मापकात मिसळतो. ढग गेला की नाही, हे नुसत्या दाबावरून सांगता येत नाही. सगळ्या विषयात मला हीच बाजू सर्वांत शिकण्यासारखी वाटते. चांगला पदार्थ हाती लागला तरी तो चांगला आहे हे ज्यावरून ठरवायचं, ती मोजणी वेगळी उभी करावी लागते.

शेवटी सर्नने एसपीएसचे सर्व 744 द्विध्रुवी चुंबक लेपित करायचे नाहीत, असं ठरवलं. त्यांच्यासाठी स्क्रबिंगवर भिस्त ठेवली आणि 2018 च्या अखेरीस सुरू झालेल्या दीर्घ विरामात किरणशलाका एकत्र आणणारे चौध्रुवी चुंबक आणि त्यांच्या लगतच्या नळ्या कार्बनने मढवल्या. हा निर्णय मला योग्य वाटतो. 744 चुंबकांना हात लावायचा म्हणजे प्रचंड काम, आणि घासून भागत असेल तिथे ते करायचं कारण नाही.

एलएचसीत मात्र निव्वळ घासण्याच्या भरवशावर राहण्यात धोका आहे, हे नंतर दिसलं. 2013 ते 2015 च्या विरामात नळ्या हवेला उघड्या पडल्या आणि त्यानंतर काही विभाग इतरांपेक्षा कितीतरी अधिक तापू लागले. पुढे बाहेर काढलेल्या नळ्या तपासल्या, तेव्हा जास्त तापणाऱ्यांच्या तांब्यावर क्युप्रिक ऑक्साइड आढळला आणि कार्बन कमी. म्हणजे माऱ्याने जो थर तयार व्हायला हवा होता, तोच तिथे नीट तयार होत नव्हता.

हाय-ल्युमिनॉसिटी एलएचसीत, म्हणजे याच यंत्राच्या पुढच्या रूपात, एका पुंजक्यातले प्रोटॉन जवळपास दुप्पट, 220 अब्ज, होणार आहेत. त्यासाठी ॲटलास आणि सीएमएस या प्रयोगांजवळच्या नव्या चुंबकांतल्या संरक्षक नळ्यांना सुमारे 100 नॅनोमीटरचा कार्बन लेप देण्याचं ठरलं आहे. ॲलिस आणि एलएचसीबी या दुसऱ्या दोन प्रयोगांच्या बाजूला तो चुंबक न काढता जागच्या जागी चढवायचा आहे. आधी टायटॅनियमचा थर देतात, म्हणजे तो हायड्रोजन शोषून घेतो. अमेरिकेत ब्रूकहेवन इथे होऊ घातलेल्या इलेक्ट्रॉन-आयन कोलायडरच्या नळ्यांसाठीही कार्बनचाच लेप योजला आहे.

पुढच्या लेखांकात टायटॅनियम, झिर्कोनियम आणि व्हॅनेडियमच्या मिश्रणाचा लेप पाहू. तो इलेक्ट्रॉन आवरतो आणि स्वतः वायूही शोषतो, पण त्याला आधी तापवावं लागतं. या दोन लेपांची तुलना करायची असल्याने आजचा 1 चा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.