वरसावे म्हणालो मी, वर्सोवा नाही

मुंबईहून अहमदाबादकडे निघालेला महामार्ग काशिमिऱ्याच्या पुढे घोडबंदर रोडला भेटतो, तो वरसाव्याचा नाका. उजवीकडे ठाणं, समोर वसईच्या खाडीवरचा पूल आणि मध्ये ट्रकच ट्रक. गेल्या पावसाळ्यात तिथे अडकलो असताना मी फोनला विचारलं, "वरसावे नाक्यावरून वसईला किती वेळ लागेल?" फोनने क्षणभर विचार केला आणि मला थेट अंधेरीच्या समुद्रकिनाऱ्यावर नेऊन सोडलं. पुन्हा सांगितलं, सावकाश सांगितलं, जवळजवळ ओरडलो. गाडी चालवणारा पुतण्या शेवटी म्हणाला, "काका, वरसावे नका म्हणू. फाउंटन म्हणा." नाक्यावरच्या हॉटेलचं ते नाव घेतल्याबरोबर फोनला रस्ता सापडला.

यात फोनचा दोष निम्माच. अंधेरीच्या त्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्याला तिथले कोळी वेसावे म्हणतात. इंग्रजी कागदांत त्याचं वर्सोवा झालं. आमच्या वरसाव्याच्या वाट्याला इंग्रजीत नेमकं तेच स्पेलिंग आलं. २०२३मध्ये खाडीवरचा नवा चौपदरी पूल खुला झाला, तेव्हा इंग्रजी बातम्यांत तो 'वर्सोवा ब्रिज' होता. अंधेरीकरांना आपल्या दारात पूल आला असं वाटलं असल्यास नवल नाही.

आता यंत्राच्या बाजूने पाहू. बोललेला आवाज ते सेकंदाला साधारण सोळा हजार वेळा मोजतं. मग त्याचे २५ मिलिसेकंदांचे काप पाडतं आणि दर १० मिलिसेकंदांनी नवा काप सुरू करतं, म्हणजे काप कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. प्रत्येक कापात कोणत्या वारंवारतेच्या पट्टीत किती जोर आहे हे पाहून ध्वनीचा अंदाज बांधला जातो. लिहिताना 'वरसावे'त चार अक्षरं असली तरी बोलताना 'र'मधला अ गळतो आणि उरतं 'वर्सावे'. शेजारी 'वर्सोवा' ठेवा. व्यंजनं तीच, क्रमही तोच. फरक फक्त शेवटच्या दोन स्वरांचा. ट्रकच्या हॉर्नमध्ये तो फरक पुसट होतो. मग यंत्र दुसरी कसोटी लावतं: हे शब्द मी आजवर किती वेळा पाहिलेत? तिथे अंधेरीचा वर्सोवा वरसाव्याला सहज हरवतो.

हा खेळ जुना आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५२ साली 'ऑड्री' नावाचं यंत्र केलं होतं. ते शून्य ते नऊ हे आकडे ओळखायचं, तेही सवयीच्या आवाजात. आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक संगणकाच्या उभारणीत असलेले पी. व्ही. एस. राव पुढे वाणीसंशोधनाकडे वळले. म्हणजे संगणकाला बोलणं समजावं हा ध्यास मुंबईला संगणक आल्यापासूनचाच म्हणायचा.

मराठीचे काही खास त्रास आहेत. 'चारच' हा शब्द मोठ्याने म्हणून पाहा. पहिला च 'चहा'तला, शेवटचा 'चाक'मधला. अक्षर एक, उच्चार दोन, आणि आपली लिपी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मजकूर वाचून दाखवणारं यंत्र इथे चुकलं की ऐकणाऱ्याला लगेच परक्याचं मराठी वाटतं. दुसरा त्रास सामान्यरूपाचा: पूल, पुलावर, पुलाखालून, पुलापलीकडच्यांना. आपल्या लेखी शब्द एकच. यंत्राच्या लेखी शब्दसंग्रह पाहता पाहता फुगतो. पवईच्या आयआयटीतलं भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र, पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली, अशा रूपांची फोड आणि 'मराठी शब्दबंध' हे शब्दांच्या अर्थसंबंधांचं जाळं यांवर वर्षानुवर्षं काम करत आलं आहे.

मला मात्र सगळ्यात आवडतो तो बाजारभावाचा प्रकल्प. २०१०च्या सुमारास केंद्र सरकारच्या मदतीने आणि आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने सहा भाषांत काम सुरू झालं: शेतकऱ्याने साध्या फोनवरून जिल्हा आणि पीक सांगायचं, यंत्राने बाजार समितीचा भाव सांगायचा. मराठीची बाजू पवईच्या आयआयटीतल्या प्रीती राव आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले समुद्रविजय के. यांच्या गटांनी सांभाळली. यंत्राला शिकवायचं तर आधी आवाज हवेत, म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांकडून पिकांची आणि गावांची नावं मोबाइलवर बोलून घेतली. पुढचं काम चिकाटीचं. कोणीतरी कानाला हेडफोन लावून बसायचं, प्रत्येक ध्वनिफीत ऐकून जसं बोललं तसं लिहायचं. खोकला आला तर त्याची खूण, मागे हॉर्न वाजला तर त्याची वेगळी, शब्द अर्ध्यात तुटला तर आणखी वेगळी. एकाच पिकाचे दोन-तीन उच्चार निघाले तर तेही उच्चारकोशात चढवायचे. शोधनिबंधात या कामाला दोन ओळी मिळतात. माझ्या मते प्रकल्पाचा जीव त्यातच आहे.

यंत्राच्या आधी बोली ऐकायला माणसं गेली होती. ग्रिअर्सन यांच्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५चा. त्यात कोकणपट्टीतल्या कोळी, आगरी, सामवेदी, वारली अशा बोली आहेत. अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षणात ठाण्याच्या वारलीला स्वतंत्र पुस्तक मिळालं. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या गटाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचं ध्वनिमुद्रण करून ते सर्वांना ऐकायला खुलं केलं. मुलाला कुठे झील, कुठे पोऱ्या, कुठे सोकरा म्हणतात, ते त्या त्या गावच्या माणसाच्या तोंडून ऐकण्यात काही और मजा आहे.

आता बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने हाच धागा यंत्रासाठी उचलला आहे. 'रेस्पिन' प्रकल्पात शेती आणि पैशांच्या व्यवहारातलं बोलणं नऊ भाषांत, बोलीभेदांसह जमवलं. मराठी त्यात आहे. 'वाणी' प्रकल्प तर देशभर जिल्हावार आवाज गोळा करतो.

या विद्येचा माणसांनाही उपयोग आहे. पवईत प्रेम पांडे यांच्या गटाने ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवण्यासाठी तोंडाच्या आतला आकार पडद्यावर दाखवणारी साधनं केली. जे कानाला मिळत नाही ते डोळ्यांनी. प्रीती राव यांच्या गटाचं 'तारा' हे अ‍ॅप मुलाचं मोठ्याने वाचन ऐकून मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले ते मोजतं. वाचताना मूल कुठे थबकतं, वाक्याचा सूर कसा लावतं, याचाही या गटाने अभ्यास केला आहे. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचं वाचन नीट ऐकायला बाईंना वेळ कुठून मिळणार?

पण परत नाक्यावर येतो. या पट्ट्यातली आगरी ऐका: पाण्याचं पानी, डोळ्याचा डोला, साडीची सारी. ड चा र होतो, त्यामुळे घोडबंदरचं घोरबंदर. पुस्तकी मराठीवर वाढलेल्या यंत्राला 'सारी' ऐकू आली की ते हिंदीत शिरतं, नाहीतर माफी मागतं.

परवा तिथेच, पुलाच्या अलीकडे, मासळीची रिकामी पाटी घेतलेली एक मावशी नातीच्या फोनमध्ये बोलत होती. "घोरबंदरला जावाचा हाय." नातीने पडद्याकडे बघून हसायला सुरुवात केली, मी डोकावलो तर तिथे 'गोरा बंदर' उमटलं होतं. मावशीने फोन परत नातीच्या हातात दिला, समोरच्या रिक्षावाल्याला तेच एकदा सांगितलं आणि पाटी आत सरकवून बसली.