उरलेल्याचे दोन नवमांश

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एका यात्रेकरूचे उदाहरण आहे. त्याने जवळच्या धनापैकी निम्मे प्रयागला दान केले. उरलेल्याचे दोन नवमांश काशीत गेले, त्यातून राहिले त्याचा चौथा हिस्सा वाटेतल्या जकातीत गेला, आणि मग जे हाती होते त्याचे सहा दशांश गयेला संपले. घरी परतताना गाठीला 63 निष्क उरले, तर निघताना किती होते? ग्रंथ 1150 सालचा, पण हे उदाहरण आजच्या सातवीच्या पुस्तकात घातले तरी चालून जाईल. मुले आजही तिथेच अडतात, 'उरलेल्याचे' या शब्दापाशी. लसावि काढता येतो, छेद समान करता येतात, गुणाकारही बिनचूक होतो. तरी उदाहरण सुटत नाही, कारण दोन नवमांश नेमके कशाचे, हे ठरवायचे राहून गेलेले असते. अपूर्णांकांच्या शाब्दिक उदाहरणांतली खरी अडचण ही आहे, आणि तिच्यावरचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे 'क्ष मानू' ही एक ओळ. ती मुलांच्या हाती आपण देतो त्याहून लवकर द्यायला हवी.

चुकीच्या वाटेने जाऊन पाहिले तर हे लगेच दिसते. निम्मे, दोन नवमांश, चतुर्थांश आणि सहा दशांश हे सगळे मूळ धनाचेच हिस्से धरले, तर त्यांची बेरीज 283/180 येते. म्हणजे यात्रेकरूने होते त्याहून दीडपटीपेक्षा जास्त खर्च केला आणि वर 63 निष्क शिल्लकही ठेवले! बेरीज बरोबर आहे, पण ती अशा हिश्श्यांची आहे जे एका वस्तूचे नाहीतच. आता निघतानाचे धन क्ष निष्क मानू. प्रयागनंतर क्ष/2 उरले. त्याचे दोन नवमांश गेले, म्हणजे सात नवमांश राहिले: 7क्ष/18. जकातीनंतर 7क्ष/24, आणि गयेनंतर 7क्ष/60. हेच ते 63. म्हणून क्ष बरोबर 540. गणित म्हणून यात काही अवघड नाही. महत्त्वाचे हे की प्रत्येक टप्प्यावर 'आता हाती किती' ते लिहावेच लागते, आणि पुढचा हिस्सा त्या लिहिलेल्या बाकीचाच काढावा लागतो. तोंडी हिशेबात निसटणारी गोष्ट क्ष निसटू देत नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: क्ष कशाला हवा, अंदाजाने एक संख्या धरली तरी भागते. खुद्द भास्कराचार्य हे उदाहरण 'इष्टकर्मा'नेच सोडवतात. धन 1 मानले तर शेवटी 7/60 उरते, आणि 63 ला त्याने भागले की 540. त्याहून कितीतरी जुन्या इजिप्तच्या ऱ्हाइंड पपायरसमध्येही हीच युक्ती आहे. एका राशीत तिचा सातवा भाग मिळवला तर 19 होतात; राशी 7 धरा, 8 येतात, मग 19 आणि 8 च्या प्रमाणात 7 वाढवा. रीत देखणी आहे आणि मुलांना ती जरूर शिकवावी. पण सगळे हिस्से मूळ राशीच्या प्रमाणात असतील तोवरच ती चालते. समजा काशीतला खर्च झाल्यावर यात्रेकरूला कोणी 70 निष्क दिले, आणि शेवटची शिल्लक तीच, 63. आता 60 धरून पाहिले तर शेवटी 28 उरतात, आणि त्या प्रमाणात उत्तर 135 येते. ते चूक आहे. खरे उत्तर 360. शेवटाकडून उलटे येत गेले तर हेही सुटते. पण अज्ञात राशी दोन्ही बाजूंना आली की उलटी वाटही बंद होते. एकाजवळ 300 रुपये आणि सहा घोडे, दुसऱ्याजवळ दहा घोडे आणि 100 चे कर्ज, दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत काय? हे उदाहरण भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात घेतले आहे. तिथे अज्ञाताला नाव देऊन दोन्ही बाजू मांडल्या की किंमत 100 निघते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. क्ष आला की मुले विचार थांबवतात आणि चिन्हे इकडून तिकडे हलवत बसतात, असे अनेक शिक्षक सांगतात. आधीच्या पिढ्या पावकी-निमकी, सवायकी-दीडकी पाठ करून असले हिशेब तोंडी करत, हेही खरे. पण पावकी सांगते ती चौथा हिस्सा किती. चौथा हिस्सा कशाचा, हे ती सांगत नाही. यांत्रिकपणाचा दोष क्षचा नाही, क्ष म्हणजे काय हे न लिहिता पुढे जाण्याच्या सवयीचा आहे. 'क्ष = यात्रेकरू' असे लिहिलेली वही पुढे कितीही नीटनेटकी असली तरी पहिल्याच ओळीत बिघडलेली आहे. 'क्ष = निघताना जवळ असलेले निष्क' असेच लिहायला हवे. बीजगणित हुशार मुलांसाठी राखून ठेवावे, हा समजही मला पटत नाही. भास्कराचार्यांनीच म्हटले आहे की मंद बुद्धीच्यांना अव्यक्ताच्या युक्तीवाचून प्रश्न बहुधा कळत नाहीत, म्हणून आपण बीजक्रिया सांगतो. जे मूल अडते, त्याला ही रीत आधी मिळायला हवी.

म्हणून शिक्षकांना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती. ज्याने क्ष कशासाठी ते स्पष्ट लिहिले आणि प्रयाग, काशी, जकात, गया या चारही ठिकाणच्या बाक्या बरोबर मांडल्या, पण शेवटच्या भागाकारात चूक केली, त्याला निम्म्याहून अधिक गुण द्या. आणि ज्याने नुसतेच 540 लिहिले, त्याला 540 पासून 63 पर्यंत पुन्हा खाली यायला सांगा.