गिरिभ्रमण संस्थेचे फेसबुक पेज

फेसबुकवर एखाद्या संस्थेला तीन प्रकारे वावरता येते: व्यक्तिगत खाते, ग्रुप आणि पेज. गिरिभ्रमण संस्था नवी असते तेव्हा तिच्या नावाने एक खाते काढून ट्रेकला येणाऱ्यांना मैत्रीच्या विनंत्या पाठवल्या जातात. हा मार्ग चुकीचा आहे. व्यक्तिगत खाते खऱ्या माणसाच्याच नावाने असावे असा फेसबुकचा नियम आहे. संस्थेच्या नावाचे खाते कधीही बंद होऊ शकते आणि त्याबरोबर सगळी छायाचित्रे जातात. शिवाय 5,000 मित्रांची मर्यादा आहेच. ग्रुप उपयोगी पडतो तो आपापसांतल्या बोलण्यासाठी. कोणाच्या गाडीत जागा आहे, दोर कोणाकडे राहिला, अशा गोष्टी तिथे शोभतात. बाहेरच्या माणसाला संस्था दिसावी यासाठी मात्र पेजच हवे. फेसबुकने नोव्हेंबर 2007 मध्ये पेज ही सोय व्यवसाय आणि संस्थांसाठीच आणली.

पेज कोणा एका सभासदाच्या खात्यातून तयार होते, पण त्याची मालकी त्या सभासदाची मानली जाऊ नये. पुष्कळ पेजेस नेमकी इथेच अडकतात. उत्साही तरुण सभासद पेज काढतो, तीन-चार वर्षांनी नोकरीसाठी परदेशी जातो, आणि नव्या कार्यकारिणीकडे चाव्याच नसतात. म्हणून पहिल्याच दिवशी किमान दोन, शक्यतो तीन पदाधिकाऱ्यांना पूर्ण अधिकार द्यावेत. फोटो टाकणाऱ्या किंवा मेसेजना उत्तरे देणाऱ्या बाकीच्यांना मर्यादित अधिकार पुरतात. पूर्ण अधिकार असलेल्या प्रत्येकाने आपल्या खात्याला पासवर्डखेरीज दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावलेली असावी. ‘तुमच्या पेजने कॉपीराइटचा भंग केला आहे, चोवीस तासांत या लिंकवर खुलासा करा’ असे फेसबुकच्या नावाने येणारे मेसेज पेज बळकावण्यासाठी असतात. एकाने जरी त्या लिंकवर पासवर्ड दिला तरी सगळ्यांची मेहनत हातची जाते.

नाव नोंदणीपत्रावर असेल तेच, देवनागरीत द्यावे. पेजचा पत्ता मात्र रोमन अक्षरे, अंक आणि टिंब यांतूनच करावा लागतो आणि तो किमान पाच अक्षरांचा असतो. टी-शर्टवर छापला तरी चटकन वाचता येईल इतका तो लहान असावा. नावाखालच्या परिचयाला 101 अक्षरांची मर्यादा आहे आणि संगणक काना, मात्रा, वेलांटी व हलन्त वेगळे मोजतो. ‘गिर्यारोहण’ हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत दहा जागा घेतो. त्यामुळे ध्येयधोरणे इथे मावणार नाहीत. गाव, स्थापनेचे वर्ष आणि काम एवढे आले की पुरे.

प्रोफाइल फोटोच्या जागी संस्थेचे बोधचिन्ह असावे. संगणकावर हे चित्र 176 पिक्सेल लांबी-रुंदीचे दिसते आणि वर्तुळात कापले जाते. पोस्टशेजारी तर ते नखाएवढे उरते. डोंगर, दोर, होकायंत्र, भगवा आणि कडेने गोलाकार नाव असे सगळे कोंबलेले बोधचिन्ह या आकारात नुसता ठिपका होते. अशा वेळी त्यातला एकच घटक, म्हणजे डोंगराची रेषा किंवा आद्याक्षर, सुटा करून वापरावा. रेषा आणि अक्षरे असलेले चित्र पीएनजी स्वरूपात चढवले की कडा स्वच्छ राहतात.

कव्हर फोटोचे गणित जरा समजून घ्यावे लागते, कारण एकच चित्र दोन आकारांत दिसते. संगणकावर ते 820 बाय 312 पिक्सेलचे, म्हणजे आडवे आणि चिंचोळे असते. मोबाइलवर 640 बाय 360, म्हणजे त्यापेक्षा उभट. चित्र 820 बाय 360 या प्रमाणात केले तर संगणक वरून-खालून 24-24 पिक्सेल कापतो आणि मोबाइल दोन्ही बाजूंनी 90-90. दोन्हीकडे हमखास दिसणारा भाग उरतो तो मधला 640 बाय 312 चा. डावीकडे संजीवनी माची, उजवीकडे सुवेळा आणि मध्ये बालेकिल्ला असे राजगडाचे रुंद छायाचित्र लावले, तर मोबाइलवर दोन्ही माच्यांची टोके गायब होतात आणि बालेकिल्ला तेवढा राहतो. त्यामुळे महत्त्वाचे ते मध्ये घ्यावे. खालची कडही मोकळी ठेवावी, कारण प्रोफाइल फोटोचे वर्तुळ तिथे चढते. मूळ चित्र याच्या दुप्पट, 1640 बाय 720 पिक्सेलचे केले की चांगल्या पडद्यांवर ते फुटत नाही.

कव्हरवर मजकूर टाकण्याचा मोह आवरावा. 2012 मध्ये पेजना कव्हर फोटो मिळाला तेव्हा त्यावर किंमत, संपर्क किंवा ‘आजच या’ छापाचे आवाहन लिहायला फेसबुकची मनाई होती. 2013 मध्ये ती बंधने उठली. मुभा मिळाली म्हणून कव्हरचा फ्लेक्स करण्याची गरज नाही. चित्रातली तारीख आणि शुल्क मोबाइलवर वाचता येत नाही, शोधात सापडत नाही, आणि ट्रेक होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने तशीच लटकत राहते. अंध वाचकाचे स्क्रीन रीडर तर चित्रातला मजकूर बहुधा वाचतच नाही. त्यासाठी प्रत्येक चित्राला पर्यायी वर्णन लिहायची सोय आहे, ती वापरावी. तारखा आणि शुल्क पोस्टच्या मजकुरात, युनिकोड मराठीत लिहावेत.

कोणते छायाचित्र निवडायचे हा सौंदर्याइतकाच जबाबदारीचा प्रश्न आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पाय सोडून बसलेल्या तरुणाचा फोटो भरपूर पसंती मिळवील, पण पाहणाराही तेच करायला येईल. हेल्मेट घातलेले, दोराला नीट बांधलेले, एका ओळीत चढणारे सभासद दिसले की संस्था काय शिकवते ते न सांगता कळते. गिधाडांच्या घरट्याचे किंवा दुर्मीळ वनस्पतीचे छायाचित्र टाकताना नेमके ठिकाण देऊ नये. रायगडासारख्या केंद्र-संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, तेव्हा तिथली हवाई दृश्ये परवानगी असेल तरच वापरावीत.

छायाचित्रांचा हक्कही तपासावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा पहिला मालक सर्वसाधारणपणे ते टिपणारा असतो, आणि हा हक्क त्याच्या हयातभर व मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. गूगलवर सापडलेला कळसूबाईचा सूर्योदय उचलून लावणे म्हणजे दुसऱ्याची वस्तू न विचारता घेणे. सभासदांकडे फोटोंचे ढीग असतात. त्यांची लेखी संमती घ्यावी आणि खाली नाव द्यावे. शालेय मुलांच्या शिबिराचे फोटो टाकण्याआधी पालकांना विचारावेच. प्रवेश-अर्जातच एक ओळ घातली की हे काम सोपे होते.

बटणाचा मुद्दा आकाराने लहान, पण पेजचा उपयोग त्यावरच ठरतो. डिसेंबर 2014 मध्ये फेसबुकने पेजच्या माथ्यावर कृतीचे बटण देण्याची घोषणा केली. त्यावरचे शब्द आपल्याला हवे तसे लिहिता येत नाहीत; फोन करा, मेसेज पाठवा, व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल, नोंदणी, अधिक माहिती अशा ठरावीक पर्यायांतून एक निवडायचा असतो. निवडताना एकच प्रश्न विचारावा: पलीकडे उत्तर द्यायला कोण आहे? दिवसभर कचेरीत असलेल्या सरचिटणीसांचा फोन बटणाला जोडला तर शुक्रवारी रात्री, सामान भरताना, विसावा फोन आल्यावर तो बंदच होईल. त्यापेक्षा संस्थेच्या नावे वेगळे सिमकार्ड घेऊन त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस चालवावे. क्रमांक देशाच्या 91 या संकेतासह भरावा आणि दोघांनी आठवडे वाटून घ्यावेत. मेसेजचे बटण ठेवले तर आपोआप जाणारे पहिले उत्तर लिहून ठेवता येते. पुढचा ट्रेक, काठिण्य, शुल्क आणि प्रत्यक्ष माणूस केव्हा उत्तर देईल ती वेळ, एवढे त्यात असावे.

मोसम सुरू झाला की नोंदणीचे बटण सर्वांत कामाचे. ते गूगल फॉर्मला जोडता येते. फॉर्ममध्ये नाव, वय, रक्तगट, चालू औषधे आणि घरच्या माणसाचा क्रमांक विचारावा. आधार क्रमांकासारखी नको ती माहिती गोळा करू नये. फॉर्मच्या माथ्यावर ट्रेकप्रमुखाचे नाव आणि रद्द करण्याचे नियम हवेत. साहसी पर्यटनासाठी महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये जाहीर केलेल्या धोरणात असे उपक्रम राबवणाऱ्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. संस्थेची तशी नोंदणी असेल तर तो क्रमांकही इथे आणि पेजच्या माहितीत द्यावा. अनोळखी पालक आपल्या मुलाला पाठवण्याआधी तेच शोधतो.

पेज लोकांना कळवण्याआधी सात-आठ पोस्ट तयार ठेवाव्यात, म्हणजे पहिला पाहुणा रिकाम्या घरात येत नाही. त्यांतली एक माथ्यावर कायम राहील अशी लावावी: संस्थेचे नियम, सोबत आणायच्या वस्तू, लागणारी तंदुरुस्ती. मग ज्याच्याकडे कोणतेही अधिकार नाहीत अशा माणसाच्या फोनवरून पेज पाहावे. अधिकार असलेल्याला बटण दाबल्यावर बदलाचे पर्याय दिसतात, पाहुण्याला काय दिसते ते त्याला कळत नाही. त्या दुसऱ्या फोनवरून मेसेज पाठवावा, फॉर्म भरावा आणि उत्तर येते का ते पाहावे. जागा भरल्या की त्याच दिवशी फॉर्म बंद करून बटण पुन्हा मेसेजवर आणावे.